पोटगी: एकरकमी घ्यावी की दरमहा?

सायली_पंचगंगा | ३ नोव्हेंबर, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते, लिहिते कमी. प्रश्न माझ्या ताईचा आहे, तिला विचारूनच लिहितेय.

ताई ४१ वर्षांची. लग्नाला सोळा वर्षं झाली, त्यातलं शेवटचं दीड वर्ष ती दोन्ही मुलांना घेऊन कोल्हापुरात आमच्याकडे राहते. मुलगी चौदाची, मुलगा दहाचा. जिजाजी चिंचवडला एका कारखान्यात अभियंता आहेत. परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचा हे दोघांचं ठरलंय, त्यावर आता वाद नाही. ताई लग्नाआधी एका पतसंस्थेत नोकरीला होती. मुलीच्या वेळी सोडली, ती कायमचीच सुटली.

गेल्या आठवड्यात त्यांच्या वकिलांकडून कागद आले. दोन पर्याय दिलेत: १२ लाख एकदाच, किंवा दर महिन्याला १८,००० रुपये. मुलांचा खर्च त्यातच धरलेला आहे. जिजाजींचं म्हणणं, कर्जाचे हप्ते गेले की हातात सत्तर हजारच राहतात, यापेक्षा जास्त जमणार नाही.

बाबा म्हणतात, १२ लाख घे आणि मोकळी हो, दर महिन्याला त्याच्या तोंडाकडे बघायला नको. आई काहीच बोलत नाही. आणि ताई म्हणते, मला त्याचा एक रुपयाही नको, मी शिवणकाम करीन. ती खरंच करते, ब्लाउज फार सुंदर शिवते. पण मुलीची दहावी दीड वर्षावर आलीय.

मला तीन गोष्टी कळत नाहीत. एकरकमी चांगली की दरमहा? ताईने उद्या नोकरी धरली तर पोटगी बंद होते का? आणि हे १८ हजार नेमके कसे काढले असतील?

मनाली_क | ३ नोव्हेंबर, रात्री ११:०५

आधी एकच सांगते. शुक्रवारपर्यंत करा, सोमवारपर्यंत करा असं कोणी कितीही म्हटलं तरी ताईला सही करू देऊ नका. बाकीचं सावकाश लिहिते.

घाटावरचा | ३ नोव्हेंबर, रात्री ११:२०

माझ्या मामेबहिणीने एकरकमी घेतली होती. भावाच्या घराचं बांधकाम चालू होतं, त्यात गेली. भाऊ वाईट नाही, देईलही, पण आज तिच्याकडे काही नाही. तुमचं घर तसं नसेलच. तरी पैसे ताईच्या एकटीच्या नावावर राहायला हवेत, एवढं जरूर बघा.

काळा_कोट | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:३१

सायली, मी बावीस वर्षं कौटुंबिक न्यायालयात काम करतोय. कागद न बघता अंतिम सल्ला देणार नाही, पण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे.

सत्तर हजारांचे पंचवीस टक्के किती? साडेसतरा हजार. ते वर करून १८ केलेत. हे पंचवीस टक्के २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालातून आले. त्या खटल्यात पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के ही रक्कम न्यायालयाला योग्य वाटली होती. तेव्हापासून तो आकडा कोर्टाच्या आवारात फिरतोय. पण तो नियम नाही. कायद्यात कुठेही टक्का लिहिलेला नाही. आणि निव्वळ पगार म्हणजे आयकर आणि सक्तीचा भविष्य निर्वाह निधी कापून उरतो तो. घर, गाडी, वैयक्तिक कर्ज यांचे हप्ते आपण आपल्या मर्जीने घेतलेले असतात, न्यायालयं ते सहसा पगारातून वजा करू देत नाहीत. घराचे हप्ते भरून नवऱ्याचीच मालमत्ता उभी राहत असते ना. तेव्हा आधी हप्त्यांपूर्वीचा पगार किती ते काढा. आणि मुलांचा खर्च वेगळा मोजला जातो, तो बायकोच्या रकमेत गुंडाळायचा नसतो.

आता कायदा थोडक्यात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली खटला चालू असतानाची अंतरिम पोटगी, कलम २५ खाली कायमची. दोन्ही कलमं नवरा-बायको दोघांनाही खुली आहेत. कलम २५ खालचा अर्ज हुकूमनाम्याच्या, म्हणजे कोर्टाच्या अंतिम आदेशाच्या, वेळी करता येतो, नंतरही करता येतो. याशिवाय पोटगी मागायचा आणखी एक रस्ता म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं. त्यात पुनर्विवाह न केलेली घटस्फोटित स्त्रीही ‘पत्नी’च्या व्याख्येत येते. पूर्वी तिथे महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, ती २००१ मध्ये उठली.

सगळ्यात कामाचा निकाल ४ नोव्हेंबर २०२०चा, रजनेश विरुद्ध नेहा. योगायोग बघा, आज बरोबर पाच वर्षं झाली. प्रकरण आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलं होतं. त्या निकालाने सांगितलं की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, खर्च यांचं अ‍ॅफिडेव्हिट द्यायचं. नमुना निकालालाच जोडलेला आहे. शेतीवर अवलंबून असलेल्यांसाठी वेगळा नमुना आहे. आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, निकालाच्या तारखेपासून नाही.

तुमच्याकडे अजून दावा दाखल नाही, म्हणून अ‍ॅफिडेव्हिटही नाही. पण संमतीने करायचं असलं तरी तोच नमुना समोर ठेवून दोघांनी माहिती भरा आणि मग आकड्यावर बसा. आकडा आधी आणि माहिती नंतर, असं करू नका.

रानजाई | ४ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

दुसऱ्या प्रश्नावर माझा अनुभव लिहिते. चौदा वर्षं घरी होते, मग एका शाळेत कार्यालयीन काम मिळालं, महिना अकरा हजार. समोरच्या वकिलांनी लगेच अर्ज टाकला, आता ही कमावते, पोटगी बंद करा. न्यायाधीशांनी दोन्ही बाजूंचे कागद बघितले. रक्कम थोडी कमी झाली, बंद झाली नाही. कमावण्याची पात्रता असणं आणि प्रत्यक्ष पुरेसं कमावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलंय, ते आमच्या वकीलबाईंनी वाचून दाखवलं होतं.

ताईंना सांगा, शिवणकाम चालू राहू दे. लपवू नका. मी सुरुवातीला शिकवणीचे दोन हजार लिहिले नव्हते, उलटतपासणीत ते निघाले आणि भर कोर्टात मान खाली घालावी लागली. ती चूक माझीच होती.

सरळ_रेषा | ४ नोव्हेंबर, दुपारी १:४८

माझं मत वेगळं आहे, राग मानू नये. सोळा वर्षांच्या संसाराचं मी समजू शकतो. पण माझ्या धाकट्या भावाचं लग्न चौदा महिने टिकलं. दोघंही संगणक अभियंते, मूलबाळ नाही, पगारात पाच-सात हजारांचा फरक. तरी चाळीस लाखांची मागणी आली. आईवडील दोन वर्षं झोपलेले नाहीत. शिकलेल्या, कमावत्या बाईने पोटगी मागावी हे मला पटत नाही. समानता हवी तर दोन्हीकडून हवी.

रानजाई | ४ नोव्हेंबर, दुपारी २:१५

@सरळ_रेषा, तुमच्या भावाचं ऐकून खरंच वाईट वाटलं. पण चौदा महिने आणि सोळा वर्षं एका तराजूत कशी घालायची? मी एम.कॉम. आहे. शिकलेलीच आहे. चौदा वर्षं मी सकाळी पाचला उठून सासऱ्यांना इन्सुलिन टोचलं, म्हणून यांना दौऱ्यावर जाता आलं आणि बढत्या मिळाल्या. त्या बढत्यांचा पगार एकट्यांचा कसा?

काळा_कोट | ४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:०२

दोघांचंही बरोबर आहे, आणि कायदा दोन्ही गोष्टी बघतो. डिसेंबर २०२४ मध्ये पाच कोटींच्या पोटगीचा जो निकाल बातम्यांत आला, त्यात सर्वोच्च न्यायालयाने कोणत्या गोष्टी विचारात घ्यायच्या ते पुन्हा मांडलं: दोघांची सामाजिक-आर्थिक स्थिती, पत्नी-मुलांच्या वाजवी गरजा, शिक्षण आणि नोकरी, स्वतःचं उत्पन्न, सासरचं राहणीमान, कुटुंबासाठी नोकरी सोडली का, कमाई नसलेल्या पत्नीचा कोर्टाचा वाजवी खर्च, नवऱ्याची ऐपत आणि त्याच्यावरची इतर जबाबदारी. भावाच्या प्रकरणात यातल्या बऱ्याच गोष्टी त्यांच्या बाजूने आहेत. मागणी चाळीस लाखांची असणं आणि हुकूम चाळीस लाखांचा होणं यात फार अंतर असतं. घाबरून तडजोड करू नका, अ‍ॅफिडेव्हिट व्यवस्थित भरा.

आणि समानतेचं म्हणाल तर २०२२ मध्ये आपल्याच उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने शिक्षिका असलेल्या पत्नीने पतीला महिना ३,००० रुपये अंतरिम पोटगी द्यावी हा नांदेडच्या न्यायालयाचा आदेश कायम ठेवला होता. नवऱ्यांचे असे अर्ज कमी येतात, पण येतात.

शब्दवेडी | ४ नोव्हेंबर, रात्री ८:३०

जरा अवांतर. ‘पोटगी’ या शब्दातच मला घोळ दिसतो. पोटापुरतं ते पोटगी. जुन्या मराठीत कुणालाही निर्वाहापुरतं नेमून दिलेलं ते पोटगीच. आश्रिताला द्यावं तसं. म्हणून ताईला तो रुपया नकोसा वाटतो, आणि देणाऱ्यालाही आपण उपकार करतोय असं वाटतं. गावाकडच्या बायका याला ‘खावटी’ म्हणतात, त्यातही खाणंच. कायदा मात्र खाण्यावर थांबत नाही, त्यात कपडे, घर, औषधपाणी, मुलांचं शिक्षण, पूर्वीचं राहणीमान सगळं येतं. ‘निर्वाह खर्च’ म्हटलं तर ताई ऐकेल का?

मनाली_क | ४ नोव्हेंबर, रात्री ८:४४

@शब्दवेडी, आमच्या आजीचं एक होतं. शेतातला वाटा मागायला गेली तेव्हा दीर म्हणाले, वहिनी, तुला खायला घालतोय की. आजी म्हणाली, खायला बैलालाही घालता, पण त्याच्याकडून सही नाही घेत. अख्खी चावडी हसली म्हणे, आणि वाटा मिळाला!

दोन_खोल्या | ४ नोव्हेंबर, रात्री ११:५५

मी देणारा आहे. सहा वर्षं दर महिन्याच्या ५ तारखेला बँकेतून जातात. सुरुवात २२ हजारांनी झाली.

पहिलं वर्ष मनात फार कडवटपणा होता. भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो, मेस लावली होती आणि दर ५ तारखेला वाटायचं, मी काय पाप केलं. मग एकदा मुलाला आठवडाभर माझ्याकडे ठेवलं. त्याला ताप आला, तीन दिवस कामावर गेलो नाही, वरिष्ठांची बोलणी खाल्ली. तेव्हा कळलं की ती हे वर्षातून कितीदा करत असेल. २२ हजार कशाचे होते ते त्या आठवड्यात समजलं. कोणाच्या सांगण्याने समजलं नव्हतं.

एक व्यवहाराची गोष्ट, देणाऱ्या आणि घेणाऱ्या दोघांसाठी. २०२० मध्ये माझी नोकरी गेली. मित्र म्हणाले, देणं थांबव, ती कोर्टात जाईल तेव्हा बघू. मी थांबवलं नाही. परिस्थिती बदलली म्हणून रक्कम बदलून मिळावी असा अर्ज केला, नोकरी गेल्याचं पत्र जोडलं. काही महिन्यांसाठी रक्कम निम्मी झाली, नोकरी लागल्यावर पुन्हा पूर्ववत. थांबवली असती तर थकबाकी डोक्यावर बसली असती आणि मुलाची शाळा बुडाली असती.

सायलीताई, तुमचे जिजाजी वाईट आहेत असं मी धरून चालत नाही. त्यांनाही कदाचित वकिलाने आकडा दिला असेल. एकदा मुलांच्या खर्चाचा कागद करून त्यांच्यासमोर ठेवा. फी, वह्या, रिक्षा, डोळ्यांचा डॉक्टर, सगळं. माझ्या बायकोने तसा कागद केला होता. त्यावर मला भांडता आलं नाही.

पावसाळी_डबा | ५ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

मी बावीस वर्षांची आहे. मी तुमच्या भाचीच्या जागेवरून लिहिते.

माझ्या आईने असंच म्हटलं होतं, एक रुपया नको. मी नऊ वर्षांची होते. तिने डबे सुरू केले, पहाटे चारला उठून तीस डबे. अजूनही चालू आहेत. बारावीला मला चांगले गुण होते, खासगी महाविद्यालयात प्रवेश मिळत होता, पण पहिल्या वर्षाचीच फी एवढी होती की आम्ही अर्ज भरला नाही. मी दुसरं काही शिकले, नोकरी करते, ठीक आहे सगळं. बाबांचा पगार तेव्हा लाखाच्या वर होता हे मला नंतर कळलं.

आईचा अभिमान मला कळतो. मला तिचा अभिमानच आहे. पण माझ्या फीचे पैसे तिचे नव्हते, ते तिने कसे सोडले? तो माझा हक्क होता. हे मी आईला कधीच बोलले नाही, बोलणारही नाही. म्हणून इथे लिहिते. तुमच्या ताईंना वाचून दाखवा.

सायली_पंचगंगा | ५ नोव्हेंबर, सकाळी ७:२२

वाचून दाखवलं. ती उठून आत गेली. अजून बाहेर आलेली नाही. @पावसाळी_डबा, तुला मनापासून नमस्कार.

काळा_कोट | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

पावसाळी_डबा यांनी लिहिलंय ते कायद्यानेही खरं आहे. मुलांचा निर्वाहाचा हक्क त्यांचा स्वतःचा आहे, आईला तो लिहून सोडता येत नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६, कलम २०: मुलं सज्ञान होईपर्यंत, आणि मुलगी स्वतःचा खर्च भागवू शकत नसेल तर तिच्या लग्नापर्यंत.

हिशेबनीस | ५ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

मी सनदी लेखापाल. पहिल्या प्रश्नावर आकडेमोड करून देतो.

१२ लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ८४ हजार, म्हणजे महिना ७ हजार. मुद्दल शाबूत राहील पण सात हजारात तिघांचं भागणार नाही. उलट त्यातून महिना १८ हजार काढत राहिलं, व्याज धरलं नाही, तर साडेपाच वर्षांत संपतात. तेव्हा ताई सेहेचाळीसची आणि मुलगा सोळाचा असेल. म्हणजे यांनीच दिलेले दोन पर्याय एकमेकांच्या जवळपासही नाहीत.

दरमहा घेताना वाढ लिहून घ्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात महिना ५० हजार आणि दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ असा हुकूम दिला. तुमच्यात दरवर्षी वाढ मागा, शाळेची फी दोन वर्षं थांबत नाही.

कर: एकरकमी रक्कम भांडवली प्राप्ती धरली जाते, तिच्यावर आयकर नाही. मुंबई उच्च न्यायालयाचा १९८३ चा निकाल आहे, प्रतापगडच्या महाराणींच्या प्रकरणातला. त्याच निकालात दरमहा मिळणारी पोटगी मात्र उत्पन्न मानली. देणाऱ्याला कशाचीच वजावट मिळत नाही.

माझ्या मते मधला मार्ग बरा. काही रक्कम एकदम, ताईच्या नावावर, घराच्या किंवा कामाच्या सोयीसाठी. आणि मुलांचे पैसे दरमहा, वाढीसह.

सोलापुरी_चादर | ५ नोव्हेंबर, दुपारी ३:०५

दरमहा म्हणताय, पण मिळाले पाहिजेत ना! माझे चार महिने आले आणि बंद. फोन उचलत नाही. मी दोन वर्षं वाट बघितली, आज देईल, उद्या देईल. वसुलीला गेले तेव्हा कळलं की फौजदारी कलमाखाली वॉरंटसाठी थकबाकी झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. जुने महिने त्या रस्त्याने गेले. कोणीही वाट बघू नका. दोन महिने चुकले की अर्ज करा.

काळा_कोट | ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:१८

@सोलापुरी_चादर, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. पुस्ती जोडतो. वॉरंट काढूनही न भरल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आणि कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही, हे १९८९ पासून ठरलेलं आहे. दिवाणी हुकूमनामा असेल तर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावून पगारावर जप्ती आणता येते. साध्या कर्जासाठी पगाराचा थोडाच भाग जप्त होतो, पण पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० खाली फक्त एक तृतीयांश पगार सुरक्षित राहतो. पक्की नोकरी असलेल्या माणसाकडून वसुली होते. अवघड पडतं ते धंदेवाल्याकडून. तिथे मी स्वतः एकरकमी घ्या म्हणतो.

मांडवीतीर | ५ नोव्हेंबर, रात्री ९:००

आमच्या गोव्यात चित्र वेगळं आहे म्हणून लिहिते. आमच्याकडे हिंदू विवाह कायदा लागू नाही, १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता चालते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते आणि विभक्त होताना अर्धी-अर्धी वाटली जाते. माझ्या मावशीचा घटस्फोट झाला तेव्हा घराचा अर्धा हिस्सा तिचा होता, तिला कोणाला विनवावं लागलं नाही. अर्थात वाटणीचं काम वर्षानुवर्षं चालतं, तेही खरं. तुमच्याकडे घराचं काय आहे? फ्लॅट कोणाच्या नावावर?

न्यूजर्सीकर_आबा | ६ नोव्हेंबर, पहाटे ४:१२

इकडचं दोन ओळींत. आमच्या राज्यात २०१४ मध्ये कायदा बदलला. लग्न वीस वर्षांपेक्षा कमी असेल तर साधारणपणे लग्न जितकी वर्षं टिकलं त्यापेक्षा जास्त वर्षं पोटगी नाही. पुतणीच्या वेळी हे सगळं जवळून पाहिलं. तिकडे अशी कालमर्यादा नाही, हे ताईच्या दृष्टीने चांगलंच. मांडवीतीर यांचा प्रश्न मात्र मलाही पडलाय.

मिरजकर_न | ६ नोव्हेंबर, सकाळी १०:२५

कलम १२५ वर लिहिताय म्हणून माझंही. माझ्या खालाला, म्हणजे मावशीला, सगळे सांगत होते की आपल्या मुस्लिमांत इद्दतीच्या, म्हणजे तलाकनंतर थांबायच्या, तीन महिन्यांपुरतंच मिळतं, पुढचं विसर. शाहबानो यांची पोटगी मान्य करणाऱ्या १९८५ च्या निकालानंतर मुस्लिम स्त्रियांसाठी वेगळा, इद्दतीपुरतं देणं सांगणारा १९८६ चा कायदा आला, त्यामुळे लोकांच्या डोक्यात तेच बसलंय. शाहबानोंना मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ठरवून दिलेली रक्कम होती महिना १७९ रुपये २० पैसे. एवढ्यासाठी त्या बाईंनी केवढं सोसलं. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इद्दतीच्या काळातच पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद करून द्यावी लागेल असा अर्थ लावला, आणि १० जुलै २०२४ ला स्पष्ट सांगितलं की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही कलम १२५ खुलं आहे. खालाने त्यानंतर अर्ज केला. महाराष्ट्रात पोटगीच्या दाव्यात बायकांना कोर्ट फी लागत नाही, १९९४ पासूनच माफ आहे, हेही तिथे गेल्यावर कळलं. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने दिला. बाईला उत्पन्नाची अट नाही त्यासाठी.

सरळ_रेषा | ६ नोव्हेंबर, सकाळी ११:४०

@दोन_खोल्या, तुमचा प्रतिसाद काल रात्री भावाला पाठवला. तो म्हणाला, मुलं असती तर मीही दिले असते. मी वर ‘शिकलेल्या बाईने’ असं सरसकट लिहिलं ते चुकलं. आमच्या प्रकरणातली मागणी अवाजवी आहे यावर मात्र ठाम आहे. काळा_कोट, धन्यवाद, आम्ही दोघं मिळून अ‍ॅफिडेव्हिट भरायला बसतोय.

सायली_पंचगंगा | ८ नोव्हेंबर, रात्री ९:५०

दोन दिवस लिहायला झालं नाही. मांडवीतीर, तुमच्या प्रश्नाने आमची झोप उडाली.

चिंचवडचा फ्लॅट २०१३ मध्ये घेतला. आम्हाला वाटत होतं तो जिजाजींच्याच नावावर आहे. ताईला अंधुक आठवत होतं की नोंदणीच्या दिवशी तिनेही अंगठा दिला होता. मी नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, काढला. दोघांची नावं आहेत. मग आलेले कागद पुन्हा वाचले. चौथ्या पानावर, वस्तूंच्या यादीच्या खाली, एक ओळ आहे: ‘उपरोक्त रकमेच्या मोबदल्यात पत्नी सदर सदनिकेवरील आपला सर्व हक्क व हितसंबंध सोडून देत आहे.’ बाबांनी ते चार वेळा वाचलं. मग म्हणाले, म्हणजे १२ लाख पोटगीचे नव्हतेच.

आणि हप्त्यांपूर्वीचा पगार १ लाख १८ हजार आहे. मार्चची पगाराची पावती ताईच्या मेलमध्ये होती, शाळेच्या प्रवेशासाठी पाठवलेली.

काळा_कोट | ८ नोव्हेंबर, रात्री १०:१५

ही ओळ मी शेकडो मसुद्यांत पाहिलीय. सही झाली असती आणि हुकूमनामा झाला असता, तर ती उलटवायला काही वर्षं गेली असती.

आता फ्लॅट, ताईची पोटगी, मुलांचा खर्च आणि स्त्रीधन हे चार विषय चार वेगळ्या परिच्छेदांत लिहायचे. एकाची रक्कम दुसऱ्यात मिसळायची नाही. ‘भविष्यात कोणताही दावा करणार नाही’ असंही वाक्य मसुद्यात असेल. पोटगीचा हक्क करार करून सोडणं सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे. पण त्या भरवशावर सही करू नका, वाक्यच काढून टाका. संमतीच्या अर्जावर पहिली सही झाल्यानंतरही हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, हे ताईंना माहीत असू द्या.

आणि अर्ज कोल्हापुरातच करता येतो. पत्नी जिथे राहते तिथे. चिंचवडला हेलपाटे नकोत.

दोन_खोल्या | ८ नोव्हेंबर, रात्री १०:४०

मी जिजाजी वाईट नसतील असं लिहिलं होतं. ती ओळ त्यांनी वाचली होती का, हे त्यांना एकदा विचारा. माझ्या मसुद्यातही मला न विचारता घातलेल्या दोन गोष्टी होत्या, मी त्या काढायला लावल्या.

सायली_पंचगंगा | १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:०५

विचारलं. ताईने स्वतः फोन केला, दीड वर्षात पहिल्यांदा. काय बोलणं झालं ते सगळं सांगितलं नाही, पण बराच वेळ चाललं. त्यांनी ओळ वाचली होती. ते नाकारलं नाही. म्हणाले, हप्ते मीच भरतोय म्हणून मला ते बरोबर वाटलं. ताई म्हणाली, तू हप्ते भरत होतास तेव्हा मी काय करत होते?

आम्ही इथल्या विधी सेवा प्राधिकरणात जाऊन आलो. वकीलबाई मिळाल्या आहेत, शांतपणे ऐकून घेतात. मुलांच्या खर्चाचा कागद भाचीने तयार केला, तिच्या अक्षरात. त्यात तिने स्वतःची सहल खोडली होती. ताईने ती पुन्हा लिहिली.

‘एक रुपया नको’ हे ताई आता म्हणत नाही. मुलांचं सगळं घेणार म्हणते, फ्लॅटचा हिस्साही. स्वतःच्या दरमहा रकमेवर अजून अडखळते. त्यासाठी वकीलबाईंनी तिला वेळ दिलाय.

काल रात्री अ‍ॅफिडेव्हिटचा नमुना घेऊन बसली होती. मालमत्तेच्या रकान्यात अडली आणि मला म्हणाली, तुझ्या त्या लोकांना विचार, शिलाई मशीन लिहायचं का?

काळा_कोट | १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३०

लिहायचं. कधी घेतलं, कितीला घेतलं आणि कोणाच्या पैशाने, तेही.

सायली_पंचगंगा | १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४१

पतसंस्थेतल्या शेवटच्या पगारातून घेतलंय. पावती सापडली.